समुद्राचाही श्वास कोंडतो



चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं, की उकळी फुटायच्या आधीच तळाला आणि कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापलं, की त्यात हवा कमी मावते. मासे मात्र याच विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. मग अख्खा समुद्रच तापला तर काय होईल, तेच आज आम्ही सांगणार आहोत.

पृथ्वीवर हे आधी घडून गेलंय. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियात जमिनीतून लाव्हा उसळला. वाईभोवतीचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तसाच पाषाण तिथे थरावर थर साचला. आपले डोंगर त्यानंतर फार उशिरा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाले. सैबेरियाच्या लाव्ह्याबरोबर निघालेल्या कर्बवायूने समुद्र तापला, त्यातला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दहांपैकी आठ-नऊ जाती कायमच्या संपल्या. ती हानी भरून यायला लाखो वर्षं लागली.

आता आपल्या अरबी समुद्राकडे येऊ. तिथे साधारण २०० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरचं बारीक शेवाळ मरून खाली जातं आणि ते कुजताना प्राणवायू संपतो. पावसाळ्यात हे खालचं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी साईसारखं पसरतं, हवा खाली पोचत नाही. २००० साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे मांडलं. शेतातून वाहून येणाऱ्या खतामुळे ते वाढत असावं, असंही त्यांनी म्हटलं. कारण खत मिळालं, की शेवाळ माजतं. जगभरच्या समुद्रांतला प्राणवायू १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत सुमारे दोन टक्के घटलाय.

आपली कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. उसाला, हळदीला जादा टाकलेला युरिया ओढ्यातून कृष्णेत जातो. तिथेही शेवाळ आणि जलपर्णी माजते, कुजते आणि माशांचा श्वास कोंडतो. समुद्राची गोष्ट नदीतच सुरू होते.

म्हणून माती परीक्षण करूनच खत द्या. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या. बांधावर गवत राखा. पैसाही वाचेल. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा: तुझ्या रानाची माती शेवटची कधी तपासली?