‘ऑल पर्पज’ क्लीनर निवडताना : गाडीची सफाई आणि हळदीचा कागद



दिवाळीच्या सुट्टीत आमची सेकंडहँड गाडी धुवायला काढली. दुकानातून ‘ऑल पर्पज क्लीनर’ची बाटली आणली आणि नाव वाचून वाटलं, म्हणजे सगळ्यालाच चालतं! भर उन्हात, पाणी न मिसळता दरवाज्यावर मारलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर प्लॅस्टिकवर पांढरे ओघळ आणि शेजारची अ‍ॅल्युमिनिअमची चकचकीत पट्टी कायमची मंद झालेली. ओघळ ओल्या फडक्याने गेले, पट्टी मात्र तशीच आहे.

नंतर लेबल नीट वाचलं. (मुलांना ‘आधी सूचना वाचा’ असं रोज सांगणारा मीच बरं का!) असे क्लीनर बहुतेक आम्लारीधर्मी असतात. तेलकट, चिकट मळ आम्लारीने सुटतो, म्हणून ते कामाला येतात. पण तीव्र आम्लारी अ‍ॅल्युमिनिअमलाही सोडत नाही, लेदर कोरडं पाडते आणि बॉडीवरचं मेण काढून टाकते.

म्हणून बाटली घेताना पहिला प्रश्न किमतीचा नको, सामूचा म्हणजे पीएचचा हवा. 7 म्हणजे उदासीन. पुढचा प्रत्येक अंक म्हणजे दहा पट फरक, त्यामुळे 9 आणि 12 यांच्यात हजार पटींचं अंतर असतं. आतल्या भागासाठी उदासीन किंवा सौम्य क्लीनर घ्या. तीव्र क्लीनर टायर आणि मडगार्डच्या आतल्या चिखलापुरतं ठेवा. लेबलवर सामू नसेल तर निदान कुठे वापरू नये हे तरी लिहिलेलं आहे का बघा. तेही नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

घरी हळदीच्या कागदाने पडताळता येतं. हळद पाण्यात कालवून कागदाला लावा, वाळवा आणि त्यावर पातळ केलेल्या क्लीनरचा एक थेंब टाका. लाल झाला तर आम्लारी. मात्र किती तीव्र ते हळद सांगत नाही. त्यासाठी जांभळ्या कोबीचं पाणी चांगलं, त्यात निळा, हिरवा, पिवळा असे रंग बदलत जातात. मुलांना थेंब टाकायला देऊ नका, तो आपण टाकायचा, रंग मुलांनी बघायचा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि इथे गणिताचा तासच होतो. लेबलवर 1:10 लिहिलेलं असतं. पाचवीतली मुलं (आणि मोठी माणसंही) 500 मिलीच्या बाटलीत 50 मिली क्लीनर घालतात. पण एक भाग क्लीनर आणि दहा भाग पाणी मिळून अकरा भाग होतात! म्हणजे क्लीनर साधारण 45 मिली आणि बाकी पाणी. 1:4 असेल तर 100 मिली क्लीनर, 400 मिली पाणी. एक लीटरच्या घट्ट क्लीनरचं 1:10 ने अकरा लीटर द्रावण होतं, तेव्हा तयार स्प्रेच्या किमतीशी तुलना करताना हा हिशोब धरा. आतल्या भागासाठी साधारण 1:10, टायरसाठी 1:4 असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण आपल्या बाटलीवरचंच खरं.

वापरताना गाडी सावलीत आणि गार असू द्या. क्लीनर फडक्यावर मारा, डॅशबोर्डवर थेट नको. आधी सीटखालच्या कोपऱ्यात करून बघा. टचस्क्रीनला आणि स्पीडोमीटरच्या काचेसारख्या प्लॅस्टिकला लावूच नका. शेवटी साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. लहान मुलं सीटला, खिडकीला हात लावून तेच हात तोंडात घालतात, म्हणून ही पायरी माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. मूल गाडीत उलटी करतं तेव्हा डाग या क्लीनरने निघतो, वास मात्र बऱ्याचदा राहतो. त्याला एन्झाइमवालं क्लीनर वेगळं मिळतं.

आता पालकांसाठी खास. उरलेलं द्रावण पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका. गाडीत तहानलेलं मूल हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतं. स्प्रेच्या बाटलीवर नाव आणि प्रमाण मार्करने लिहा आणि ती डिकीत नको, घरात उंचावर ठेवा. दोन क्लीनर एकत्र करून ‘जास्त ताकद’ आणायचाही प्रयत्न नको. ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तर तो बाहेर जायला जागाच नसते.