पवईच्या तळ्याकाठी स्कॉच

मराठी मध्यमवर्गीय घरात स्कॉचच्या बाटलीची जागा ठरलेली असे. गोदरेजचे कपाट, वरचा खण, लग्नातल्या शालूंच्या मागे. दुबईहून आलेला कुणी मेहुणा ती आणून देई आणि मग ती वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम ठोके. पाहुण्यांत एखादा 'घेणारा' निघाला, तर दार लोटून, पडदा ओढून ती पेल्यात ओतली जाई. वर भरपूर सोडा, भरपूर बर्फ. लेबल काळे की लाल, एवढीच काय ती चिकित्सा. चवीबद्दल विचारलेच, तर उत्तर मिळे, "दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही हो, स्कॉच ती!"

हा चोरटेपणा उगाच आलेला नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणे हा गुन्हाच ठरवला. फ्रॅम बलसारा नावाच्या गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे काढून टाकली, पण कायदा मोठ्या प्रमाणात तसाच उभा राहिला. पुढे बंदी सैल झाली, तरी कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात व्हिस्की पिणाऱ्याचे वय पंचवीस पूर्ण लागते आणि हातात परवाना लागतो. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आपल्या बोलीत आला. गंमत अशी, की हा परवाना 'आरोग्याच्या रक्षणासाठी' मिळतो. परवाना काढलेले किती आणि न काढलेले किती, या प्रश्नात आपण न पडलेले बरे.

तर सांगायचा मुद्दा, आता ही बाटली कपाटातून बाहेर येऊ लागली आहे. माझा भाचा पवईला, तळ्याच्या बाजूला एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर राहतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवारी तो सात-आठ जणांना बोलावतो, नवरा-बायको जोडीने, आणि चार माल्ट चाखायला देतो. चाखायला, प्यायला नव्हे. एकेकाला प्रत्येकी पंधरा मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन चमचे. चारांचे मिळून साठ. बारमधला एक लार्ज पेग, तोही दोन-अडीच तासांत.

माल्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे खपते त्यातले पुष्कळसे मुळात उसाचे अपत्य आहे. साखर कारखान्यातल्या मळीपासून काढलेला मद्यार्क, त्यात थोडे माल्ट मिसळायचे, की झाली व्हिस्की. युरोपात याला व्हिस्की म्हणायला कायद्याने मनाई आहे. सिंगल माल्ट वेगळी. एकाच भट्टीतली आणि केवळ मोड आणलेल्या जवाची. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे, ते वेळीच भट्टीवर वाळवायचे, भरडून गरम पाण्यात गोडवा उतरवायचा, आंबवायचे आणि तांब्याच्या हंड्यांतून बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन करायचे. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांना यातला पहिला भाग समजावून सांगावा लागला नसता. मग ते ओकच्या पिंपात भरायचे. स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षे पिंपात काढावी लागतात. बहुतेक चांगल्या माल्ट दहा-बारा वर्षे काढतात.

पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते. तिकडचे लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा साधारण दोन टक्के. आता गोव्यात चला. मडगावच्या दक्षिणेला कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. २०१२ साली त्यांची पहिली सिंगल माल्ट निघाली आणि बाजारात आधी गेली ती लंडनच्या. तिथल्या उकाड्यात हा वाटा आठ टक्क्यांच्या घरात जातो. हिशेब करून पाहा: शंभर लिटरचे बारा वर्षांनी स्कॉटलंडात अठ्ठ्याहत्तर लिटर उरतात, गोव्यात जेमतेम सदतीस. म्हणून आपल्याकडची माल्ट बारा वर्षे थांबू शकत नाही; पण उष्णतेने लाकडाचा रसही तितक्याच झपाट्याने उतरतो आणि पाच-सहा वर्षांत ती तयार होते. बंगळूरच्या अमृतचे तेच. २००४ साली त्यांनी आपली माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली, म्हणजे आपल्या आमरसाने रत्नागिरीत दुकान थाटण्याचाच प्रकार. २०१० मध्ये जिम मरे या नामांकित परीक्षकाने त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरी ठरवल्यावर आपल्याकडच्या लोकांनी ती प्यायला सुरुवात केली. आपल्या घरच्या गोष्टीला बाहेरच्याचा शिक्का लागतोच.

भाच्याकडचे नियम साधे आहेत. त्या संध्याकाळी घरात उदबत्ती नाही, अत्तर नाही आणि भजी तळणे तर मुळीच नाही. माल्टची सत्तर टक्के मजा नाकात असते असे त्याचे म्हणणे. टक्केवारी त्याची, पण सर्दी झालेल्याने येऊ नये हे खरेच. पेले ट्यूलिपच्या आकाराचे, तोंडाशी निमुळते, म्हणजे वास गोळा होतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कारण किंमत कळली की जीभ खोटे बोलू लागते. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी स्पेसाइडची मवाळ, मग शेरीच्या पिंपातली, मग गोव्याची, आणि धुराची आयला बेटावरची सगळ्यांत शेवटी. ती आधी दिली, तर पुढच्या तिघींची चव मेलीच समजा. मिसळीनंतर श्रीखंड वाढण्यासारखे. बर्फ नाही, सोडा नाही. पहिला घोट तसाच, मग पाण्याचे चार थेंब. पाणी पडले की दबलेले वास मोकळे होतात. (पाणी अर्थात फिल्टरचे. खिडकीखालचे तळे इंग्रजांनी १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधले होते, पण ते पाणी पिण्याजोगे राहिले नाही.)

माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, या बैठकीला कोकम सरबत घेऊन बसते. ती हॉस्पिटलात पस्तीस वर्षे नर्स होती. दारूचा थेंब नाही. पण वास घ्यायला ना नाही. पुस्तकांत आयलाच्या माल्टला समुद्री शेवाळ, डांबर असले काय काय लिहिलेले असते. ताईने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, "अरे, ही तर बाळंतिणीच्या खोलीतली धुरी! ओवा, वावडिंग... आणि वर थोडं आयोडीन." सगळे चूप. इतके नेमके वर्णन मी कुठल्याही इंग्रजी पुस्तकात वाचलेले नाही. आयलाला जव वाळवतात ते पीटच्या धुरावर. पीट म्हणजे हजारो वर्षांच्या कुजक्या शेवाळाची दलदलीतली माती. गोवऱ्यांसारखी कापून वाळवायची आणि जाळायची. औषधी वास तिथूनच येतो.

पण ताईनेच एकदा सगळ्यांसमोर विचारले, "तुमचं ते चाखणं आणि विक्रोळीच्या गुत्त्यावरचं पिणं, यात फरक काय रे? पैशाचाच ना?" २००४ साली विक्रोळीत विषारी दारूने माणसे मेली. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक. पवईपासून विक्रोळी ती केवढी लांब! ताईने असले पेशंट पाहिलेले आहेत, डोळे गेलेले. भाच्याने आधी मिथेनॉलचे रसायनशास्त्र सांगितले. मग स्वतःच थांबला आणि म्हणाला, "पैशाचा आहेच, आई."

खरे आहे ते. आयात मद्यावर केंद्राचे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ते आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणायचे ठरले. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क २०२१ मध्येच तीनशेवरून दीडशे टक्के केले होते. २०२२ साली भारताने २१ कोटी ९० लाख बाटल्या स्कॉच मागवली आणि बाटल्यांच्या संख्येत फ्रान्सला मागे टाकले. महाग बाटलीने यकृत सुटते असे मात्र नाही. कितीही थोडे मद्य निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकले आहे. भाच्याने त्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या. पाचवी बाटली कोणी कितीही आग्रह केला तरी उघडायची नाही, आणि दारातल्या परडीत सगळ्यांनी गाडीच्या किल्ल्या टाकायच्या. परत मिळतात त्या दुसऱ्या दिवशी. एक जुने मित्र यावर रुसले. ते आता येत नाहीत, आणि त्यांना बोलावणेही जात नाही.

आग्रह हा आपला राष्ट्रीय दोष. जिलबीला चालतो, इथे नाही. "घ्या हो, एकच!" म्हणणारा यजमान चाखण्याच्या बैठकीला नालायक. उरलेली माल्ट उरू द्यावी. वाइनसारखी ती आडवी ठेवू नये, बूच कुजते. उभी, उन्हापासून दूर ठेवावी. निम्म्याखाली गेली की आतली हवा वास खाऊ लागते, तेव्हा लहान बाटलीत काढून घ्यावी. आणि ती ज्यातून येते ती पत्र्याची देखणी नळी टाकू नये. ताईकडे अशा तीन आहेत. एकीत कुरडया, एकीत सांडगे, तिसरीत गव्हले.