बँकेविरुद्धची लहान तक्रार : दाद कोठे मागावी?

पालकभेटीच्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बसून पालकांचे अर्ज, दाखले आणि तक्रारी लिहून देण्याचे काम आम्ही काही माजी विद्यार्थी गेली काही वर्षे करीत आहोत. आमच्यापैकी दोघे वकिली करतात, एक जण बँकेतून निवृत्त झालेला आहे. या कामात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. खात्यातून पैसे गेले, नियमबाह्य आकार लागला, एटीएममधून नोटा आल्याच नाहीत, अशा प्रसंगी आपली बाजू खरी आहे याविषयी पालकांना शंका नसते. त्यांची अडचण एवढीच असते की, जायचे कोठे? दावा पाच-सहा हजारांचा, आणि त्यासाठी चार वेळा पुण्या-मुंबईस जाणे म्हणजे तेवढीच मजुरी गमावणे. म्हणून योग्य दार निवडणे हाच अशा दाव्याचा अर्धा भाग होय.

एक उदाहरण सांगतो. लातूर जिल्ह्यातील एका पालकांचे खाते पुण्यातील शाखेत होते. बांधकामावर काम करीत असताना ते उघडलेले. १२ जून २०२३ रोजी, मुलीला वसतिगृहात सोडण्याच्या आदल्या दिवशी, तालुक्याच्या गावी दुसऱ्याच एका बँकेच्या एटीएमवर त्यांनी सहा हजार रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा आल्या नाहीत, मात्र खात्यातून रक्कम वजा झाली. एटीएमवाल्या बँकेने सांगितले, तुमच्या बँकेत जा. त्यांच्या बँकेच्या जवळच्या शाखेने सांगितले, पुण्याला जा.

पहिले उत्तर बरोबर होते, दुसरे चूक. कार्ड ज्या बँकेचे, तिच्याकडेच तक्रार करावयाची असते. पण त्यासाठी खाते असलेल्या शाखेत स्वतः जाण्याची गरज नाही. लेखी तक्रार कोणत्याही शाखेत देऊन पोच घ्यावी, अथवा बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे स्पीड पोस्टाने पाठवावी.

येथे आमच्याकडूनच चूक झाली. आम्ही उत्साहाच्या भरात बँकेला काहीही न लिहिता थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार पाठविली. ती अर्थातच फेटाळली गेली. १२ नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत अट स्पष्ट आहे : आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी, आणि बँकेने ती नाकारलेली असावी, समाधानकारक उत्तर दिलेले नसावे किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलेले नसावे. आमच्या घाईपायी त्या पालकांचा जवळजवळ महिना वाया गेला.

हे लोकपालाचे दार गरीब माणसाला सर्वांत सोयीचे आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. ते जमत नसल्यास चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या केंद्राकडे टपालाने, कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही लिहिता येते. २०२१ च्या योजनेनुसार लोकपाल वीस लाखांपर्यंतची नुकसानभरपाई आणि मनस्ताप व वेळेच्या अपव्ययापोटी एक लाखापर्यंत रक्कम देऊ शकतो. मात्र हे दार नियमभंगाच्या सरळ तक्रारींसाठी आहे. सही खोटी की खरी, रोखपालाच्या खिडकीवर पैसे कोणी घेतले, असे साक्षीपुराव्याचे प्रश्न असतील तर लोकपाल ते हाती घेत नाही.

दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार कोठे करावयाची हे मुख्यतः विरुद्ध पक्षाचा व्यवसाय कोठे आहे किंवा घटना कोठे घडली यावर ठरत असे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ ने त्यात मोठी भर घातली : तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे खाते पुण्याचे असले, तरी लातूरचा रहिवासी लातूरला दाद मागू शकतो. या एका वाक्याने किती जणांचा एसटीचा प्रवास वाचतो, हे आम्ही पाहिले आहे. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दृक्‌श्राव्य माध्यमातून सुनावणीची विनंतीही करता येते. उणी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याने तीन महिन्यांची अपेक्षा ठेवली असली तरी निकालाला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो, आणि बँक राज्य आयोगाकडे अपील करू शकते. मात्र तिला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावता येत नाहीत. आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर त्याच कारणासाठी लोकपाल तक्रार घेत नाही. उलट, लोकपालाकडे समाधान झाले नाही तर पुढे आयोगात जाता येते. म्हणून लहान व स्पष्ट दाव्यात आधी लोकपाल, मग आयोग, असा क्रम आम्ही सुचवितो. त्यात एक धोका आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि लोकपालाकडे कागद फिरत आहे म्हणून ती थांबते असे समजू नये. पहिल्या दिवशीच पासबुकाच्या मागे शेवटची तारीख लिहून ठेवावी.

दिवाणी न्यायालयाचा मार्ग लहान रकमेसाठी आम्ही सहसा सुचवीत नाही. न्यायालयशुल्क, तारखा आणि वकिलाचा खर्च यांत मुद्दलच संपते. बनावट सहीसारख्या गुंतागुंतीच्या वादात मात्र त्याला पर्याय नसतो. लोकअदालतीत कर्जवसुलीसाठी बँकाच अधिक दिसतात, पण खातेदारही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करू शकतो. तडजोडीला बँकेची संमती मात्र लागते, आणि तेथील निवाड्यावर अपील नाही.

पतसंस्था ही बँक नव्हे, हेही येथेच सांगितलेले बरे. तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. ठेवीदारास ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. तामिळनाडूतील एका कृषी पतसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

शिष्यवृत्तीच्या खात्यांविषयी पालकांनी विशेष जागरूक असावे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते केवळ दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरविता येत नाही, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. अशी कपात दिसल्यास तक्रारीत या सूचनांचा उल्लेख करावा.

लातूरच्या त्या पालकांनी जुलैअखेर बँकेला लेखी तक्रार दिली, पोच घेतली, महिनाभर वाट पाहिली आणि सप्टेंबरात पुन्हा लोकपालाकडे अर्ज केला. ३० ऑक्टोबरला सहा हजार रुपये खात्यात आले आणि तक्रार मिटल्याचे बँकेने कळविले. ती मिटलेली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममधून न मिळालेली रक्कम पाच दिवसांत परत जमा झाली पाहिजे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई बँकेने आपण होऊन द्यावयाची असते. १७ जूननंतरचे १३५ दिवस, म्हणजे १३,५०० रुपये. आम्ही हा हिशेब अर्जात आधीच मांडला होता. डिसेंबरमध्ये ती रक्कम जमा झाली. पुण्याला त्यांना एकदाही जावे लागले नाही.