जावक बारनिशीतील एक ओळ

गेल्या आठवड्यात शिकवणी संपली तरी माझी एक शिष्या उठेना. सहा वर्षे माझ्याकडे गाणे शिकते आहे. गळा गोड, मेहनतही बरी. शेवटी म्हणाली, "गुरुजी, एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी मिळते आहे. पत्रव्यवहार, हजेरी, खरेदीचे कागद, सगळे पाहायचे. पुढे कचेरीचा सारा कारभारही हाती येईल. पण आई म्हणते, एवढे गाणे शिकून शेवटी कारकुनीच?"

आमच्या बडोद्यातील जुन्या मराठी घरात हा शब्द असा तुच्छतेने निघावा, याची मला गंमत वाटली. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या चुली दप्तराच्याच आधारावर पेटल्या. फार काय, इथे गाणेसुद्धा दप्तरात होते! 'कलावंत कारखाना' हे संस्थानचे रीतसर खाते. गवयालाही हजेरी आणि रजेचे नियम असत. कारभारातले शब्द नेमके असावेत म्हणून १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा अनेक भाषांचा कोश निघाला, तोही इथेच.

माझे वडील १९४६ साली, अठराव्या वर्षी, त्या खात्यात गवयी म्हणून लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी चाकरी संपली. पुढे ते सरकारी शाळेत संगीतशिक्षक झाले. १९८६ साली निवृत्त होताना ती पहिली तीन वर्षे हिशेबात धरायला कचेरी तयार होईना. नेमणुकीचा हुकूम ना घरात, ना दप्तरात. मी त्यांना उतारवयात झालेला. सहा वर्षांचा मी त्यांचे बोट धरून तो जिना किती वेळा चढलो, याची गणती नाही. त्यांना पैशांपेक्षा दुसरेच दुःख होते. आपण दरबारचे गवयी होतो, याला कागदाचा आधारच उरला नव्हता.

अखेर एका वयस्क कारकुनाने जुनी जावक बारनिशी उपसून काढली. तीत एक ओळ सापडली: क्रमांक, तारीख, वडिलांचे नाव, 'नेमणूक'. चाळीस वर्षांपूर्वी कोणा अनामिकाने ती नीट अक्षरात लिहिली होती. त्या ओळीची नक्कल वडिलांनी तंबोऱ्याच्या खोळीत जपून ठेवली, आणि त्या कारकुनाच्या घरी दर संक्रांतीला तिळगूळ जाऊ लागला.

आता बारनिशीच्या जागी संगणक आला. काम मात्र तेच: आलेला कागद कोणाकडे गेला, त्याचे पुढे काय झाले, उत्तर केव्हा द्यायचे, हे कोणीतरी ध्यानात ठेवायचे. जुळलेल्या तंबोऱ्याला मैफलीत कोणी दाद देत नाही. उतरला की मात्र साऱ्यांना कळते. कचेरीचेही तसेच.

मी तिला म्हटले, "नोकरी खुशाल धर. मात्र कोणा म्हाताऱ्याला 'उद्या या' म्हणण्याआधी एकदा दप्तर उघडून बघ."

"आणि रियाज?"

"सकाळी सहाला ये."

सोमवारी पावणेसहालाच दाराची कडी वाजली. गुरुजी अजून अंथरुणातच होते!