तिकिटावरचा चेहरा

१८६७ सालच्या कायद्याने मॉरिशसमधील ज्या भारतीय मजुरांची कराराची मुदत संपली होती, त्यांच्यावर स्वतःचे छायाचित्र असलेले तिकीट सदैव जवळ बाळगण्याची सक्ती झाली. रस्त्यात शिपायाने अडविले आणि तिकीट दाखविता आले नाही, तर कष्टकरी माणूस भटक्या ठरून कोठडीत जाई. १८७१ साली आडोल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ मजुरांनी जो अर्ज सरकारला सादर केला, त्याच्या मुळाशी हाच जाच होता. गरिबाच्या वाट्यास कॅमेरा प्रथम आला तो असा, चौकीदाराच्या वेषात!

त्याच्या काही वर्षे आधी इंग्लंडात मात्र त्याच यंत्राकडे एक वैद्य निराळ्या दृष्टीने पाहत होता. सरे परगण्यातील वेड्यांच्या इस्पितळात डॉ. ह्यू डायमंड रुग्ण स्त्रियांची छायाचित्रे घेत आणि ती त्यांनाच दाखवीत. आपले रूप पाहून काहींच्या मनास सावरण्यास आधार मिळतो, असे त्यांनी १८५६ साली विद्वानांपुढे मांडले. त्यांचे सर्वच निष्कर्ष आज ग्राह्य मानले जात नाहीत. पण चेहऱ्याचा आणि मनाचा संबंध त्यांनी अचूक हेरला होता.

तो संबंध मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही प्रत्ययास येतो. जुन्या आप्रवासी खात्याची दप्तरे तेथे जतन केलेली आहेत. वंशज येतात, नाव किंवा क्रमांक सांगतात. नोंदीत बापाचे नाव, जात, उंची, जहाज, क्वचित रत्नागिरीसारख्या जिल्ह्याचा उल्लेख सापडतो. नावे मात्र परक्या कारकुनांच्या कानांनी ऐकलेली, म्हणून ओळखू न येण्याइतकी वाकडी. आणि दैव अनुकूल असेल तर छायाचित्रही निघते. ज्या पणजोबांविषयी घरात केवळ मौन होते, त्यांचे डोळे नातवाच्या डोळ्यांसारखे असावेत, हा शोध लहान नव्हे. ज्या कागदाने त्यांना पकडावयाचे, त्याच कागदाने ते घरी परत येतात.

वृद्ध माणसे गतकाळ उगाळतात, यास पूर्वी बुद्धिभ्रंश समजत. १९६३ साली डॉ. रॉबर्ट बटलर यांनी ती आयुष्याचा हिशेब जुळविण्याची स्वाभाविक धडपड असल्याचे दाखविले. जुनी तसबीर त्या धडपडीस हात देते. अर्थात तसबीर हे औषध नव्हे. एखादा चेहरा दडपलेले दुःखही उघडे करतो. अशा वेळी शेजारी कोणी बसलेले असावे, आणि खिन्नता हटत नसेल तर वैद्याकडे जावे.

नव्वदच्या दशकात कॅरोलिन वँग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील खेडुत स्त्रियांच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांनी आपले कष्ट स्वतः टिपले, एकत्र बसून त्यांवर चर्चा केली आणि ती चित्रे अधिकाऱ्यांपुढे ठेवली.

गावच्या बैठकेत हे सहज घडू शकेल. चटईवर सर्वांच्या तसबिरी मांडाव्यात. एकीने म्हणावे हा अमुक, दुसरीने म्हणावे छे, हा त्याचा धाकटा भाऊ! असल्या वादातून दुरावलेली घरे बोलू लागतात. मुलांनी फोनवर उसाचे शेत, आजीचे स्वयंपाकघर, झाकरीचा फेर टिपावा. मात्र जुन्या तसबिरींच्या पाठीवर नाव, नाते आणि गाव मऊ पेन्सिलीने लिहावे, शाईने नव्हे. दमट हवेत ती पाझरून चेहऱ्यावर उमटते.