टाचेची तपासणी : चाळणी, निकाल नव्हे

आरोग्य शिबिरात टाच यंत्रात ठेवून हाडांची तपासणी करतात. त्यात क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. टाचेचे हाड आतून जाळीदार असते. जाळी दाट असली की लहरी वेगाने जातात आणि अधिक क्षीण होतात; विरळ झाली की दोन्ही घटते. त्यावरून यंत्र आकडा देते.

परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली सांगितलेली उणे २.५ ची मर्यादा डेक्सा या क्ष-किरण तपासणीला लावतात. टाचेच्या आकड्याला ती जशीच्या तशी लागू होत नाही. म्हणून माता-भगिनींना आम्ही विनंती करतो : केवळ या आकड्यावर गोळ्या घेऊ नका. आकडा कमी आल्यास मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा. पारखून स्वीकारा, ही तथागतांची शिकवण इथेही उपयोगी आहे.