परत न येणारा शब्द

म्हैसूर शहराच्या पूर्वेस नजरबाद नावाची जुनी वस्ती आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा किल्ला पाडून त्याच्याच दगडांनी येथे नवा किल्ला बांधावयास घेतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि ते दगड पुन्हा म्हैसुरास नेऊन जुना किल्ला उभारण्यात आला. दगड परत आणता येतो. शब्दाचे तसे नाही. मोबाइलवरून सुटलेला शब्द तर एकाच वेळी शंभर घरांत पोचतो.

ह्याच नजरबादेत आज म्हैसूरच्या पोलीस आयुक्तांचे कार्यालय आहे. शाळकरी मुलांची भांडणे अशा कार्यालयाच्या पायरीपर्यंत जाऊ नयेत, असे प्रत्येक आईबापास वाटते. ते पुष्कळसे आपल्याच हाती आहे.

पूर्वी वर्गातील चिडवाचिडवी शाळा सुटली की थांबे. घराचा उंबरठा ओलांडला की मूल सुरक्षित असे. आता तसे राहिले नाही. वर्गाच्या गटात कोणी एका मुलीचे छायाचित्र विद्रूप करून धाडतो, दुसरा हसतो, तिसरा ते पुढे पाठवतो. रात्री अंथरुणात ती मुलगी ते पाहते. सकाळी तिचे पोट दुखू लागते. 'अभ्यास झाला नसेल,' असे म्हणून आई तिला शाळेत पाठवते. मुलगी गप्पच राहते. कारण खरे सांगितले तर मोबाइल काढून घेतला जाईल, ही धास्ती तिच्या मनात असते.

म्हणून पालकांनी मुलांस आधीच एक वचन द्यावे: 'तू सांगितलेस म्हणून तुला शिक्षा होणार नाही.' आणि ते पाळावे.

दुसरी गोष्ट बघ्यांची. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिव्हाली ह्यांच्या मार्गदर्शनाखाली 'किवा' हा कार्यक्रम तयार झाला व २००९ पासून तो देशभरच्या शाळांत पोचला. त्याचे सूत्र साधे आहे. छळणाऱ्यास बळ मिळते ते हसणाऱ्यांकडून; तेव्हा वर्गातील इतरांनी पीडित मुलाची बाजू घेणे हाच खरा उपाय. आपल्या मुलास 'तुला कोणी त्रास देतो का?' एवढेच विचारू नये. 'कोणाला त्रास होत असता तू काय केलेस?' हेही विचारावे.

प्रसंग ओढवलाच तर उलट उत्तर देऊ नये. मजकूर पुसण्यापूर्वी पाठवणाऱ्याचे नाव व वेळ दिसेल असे पडद्याचे चित्र जपून ठेवावे, मग त्यास रोखावे आणि वर्गशिक्षकांस भेटावे. मात्र मुलाचे अश्लील चित्र असेल तर ते पुरावा म्हणूनसुद्धा कोणास पाठवू नये. थेट पोलिसांकडे जावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. संकटातील मुलांसाठी १०९८, आणि मन फारच खचले असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे.

कायद्याची मर्यादाही जाणून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामुळे केवळ मन दुखावणारा मजकूर त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. परंतु एखाद्याच्या शरीराचे खाजगी चित्र संमतीवाचून घेणे वा पसरवणे कलम ६६-ई खाली, आणि मुलांचे अश्लील चित्रण पसरवणे ६७-ब खाली दंडनीय आहे. कायद्याच्या कक्षेबाहेरची जी रोजची हेटाळणी, तिचा बंदोबस्त घराने व शाळेनेच करावयाचा आहे.

आणि त्रास देणारे मूल आपलेच निघाले तर? तेव्हा आपली खरी परीक्षा असते. 'पोरखेळ आहे' म्हणून पांघरूण घालू नये, चारचौघांत झोडपूही नये. त्याला जवळ बसवून, ज्याचे मन दुखावले त्याची क्षमा मागावयास लावावी. त्या दिवशी आपणही त्याच्याबरोबर त्या घरी जावे.